केळी, माश्या आणि उमाटे मॅडमचा प्रश्न

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. कापसाच्या हंगामात आमच्या हिंगणघाटात जिनिंगच्या बाजूने नुसतं चालत गेलं, तरी शर्टाला कापसाचे तंतू चिकटतात आणि घरी बायको विचारते, "आज कुठून आलात?" आमच्या कॉलेजच्या मागच्या इमारतीत नोकरी करायची म्हणजे असंच. तुम्ही काही करू नका, किस्से आपोआप चिकटतात!

मी रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या लॅबची आणि जीवशास्त्राच्या लॅबची भिंत एकच आहे. भिंतीपलीकडे उमाटे मॅडम. बी.एस्सी.च्या पोरांना जेनेटिक्स आणि मॉलिक्युलर बायोलॉजी शिकवतात. त्यांच्या लॅबमध्ये बाराही महिने केळी सडत असतात, कारण त्यांच्या फळमाश्यांना सडकं केळं आवडतं. तो वास भिंत ओलांडून माझ्याकडे येतो. मी प्राचार्यांकडे तक्रार केली, मॅडमकडे केली, खुद्द माश्यांकडेही केली. काही उपयोग झाला नाही.

शेवटी सवय झाली. आता मॅडम सुटीवर असल्या आणि वास आला नाही, की मलाच करमत नाही.

* * *

मॅडमचा पहिला तास ऐकायला मी एकदा मुद्दाम दारात उभा राहिलो होतो. नवीन पोरं बसलेली. वह्या उघडलेल्या. मॅडम आल्या, हजेरी नाही, फळ्यावर तारीख नाही. म्हणाल्या, "मी उमाटे. मी सिकलसेलची वाहक आहे. माझ्या रक्ताचा पॅटर्न एएस."

आपल्याकडे रक्तातल्या या पिढीजात आजाराची गोष्ट लोक शेजाऱ्याला सांगत नाहीत, सोयऱ्याला तर मुळीच नाही. आणि ही बाई ओळख करून देतानाच सांगते!

"मला काही आजार नाही," मॅडम म्हणाल्या. "आईकडून एक जनुक चांगलं आलं, वडिलांकडून एक सिकलचं आलं. माझ्या धाकट्या भावाला दोन्हीकडून सिकलचंच आलं. तो फार हुशार होता."

त्या 'होता'नंतर त्या खडू घेऊन फळ्याकडे वळल्या. मला दारातून हलवेना. इतक्या वर्षांत कुणाच्या पहिल्या तासाला माझे डोळे भरून आले नव्हते, माझ्या स्वतःच्या तर नाहीच नाही.

वर्षाच्या शेवटच्या तासाला मॅडम पोरांना एकच प्रश्न विचारतात. "लग्न ठरायच्या आधी समोरच्याला तपासणीचं कोण विचारेल? हात वर करा." पोरं खाली बघतात. पोरी एकमेकींना कोपर मारून हसतात. एकही हात वर येत नाही. मॅडम म्हणतात, "बरं. पेपर चांगले लिहा." मग स्टाफरूममध्ये येऊन माझ्या डब्यातल्या ठेच्याच्या वाटीचं झाकण उघडतात आणि कोरडाच ठेचा खातात. तो दिवस कोणता ते मला झाकणावरून कळतं.

* * *

आता तुम्हाला माहीत आहे, आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. आणि डीएनए बाहेर काढायचा तर शेवटी लागतं बर्फासारखं गार अल्कोहोल! केळं कुस्करायचं, त्यात मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड घालायचं, गाळायचं आणि वरून हळूच गार स्पिरिट सोडायचं. पांढरे धागे वर येतात. तो डीएनए.

एकदा कॉलेजचं स्पिरिट संपलं. मॅडम नागपूरहून रीतसर परवान्याचं घेऊन निघाल्या आणि गार राहावं म्हणून बर्फाच्या डब्यात ठेवलं. परवाना राहिला कॉलेजच्या टेबलावर! जिल्ह्याच्या हद्दीवर नाक्याला हवालदारांनी डबा उघडला. बर्फात बाटली. सोबत पारदर्शक प्लॅस्टिकचे ग्लास. वर मीठ!

"मॅडम, तुम्ही शिकल्यासवरल्या दिसता," हवालदार म्हणाले. "हे काय हाय?"

"डीएनए काढायला लागतं."

"सगळे काई ना काई सांगतेच."

दुसरं कुणी असतं तर ओळखीच्याला फोन लावला असता. मॅडमनी शेजारच्या टपरीवरून लिक्विड मागून आणलं आणि त्या हवालदारांना म्हणाल्या, "मिठाचं पाणी तोंडात घ्या, खळखळून चूळ भरा आणि या ग्लासात थुंका." हवालदार चक्क थुंकले! मॅडम शिकवायला लागल्या की माणूस ऐकतोच, वर्दीतला असला तरी.

लिक्विड घातलं, स्पिरिट सोडलं. ग्लासात पांढरा धागा तरंगायला लागला.

"हा तुमचा डीएनए. तुमच्या आईवडिलांकडून आलेला."

हवालदारांनी ग्लास उन्हात धरला. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवत म्हणाले, "एवढासाक धागा! अन् याच्यासाठी माहा बाप मले जल्मभर म्हणे, खानदानाचं नाव खराब नोको करू!"

परवान्याचा फोटो मी कॉलेजातून पाठवला तेव्हा कुठे बाटली सुटली. ग्लास मात्र हवालदारांनी परत दिला नाही. घरी दाखवायचा म्हणाले.

* * *

पेशीचं कामकाज मॅडम जिनिंगवरून शिकवतात. आमच्या गावात ते कुणालाही कळतं. डीएनए म्हणजे मालक. तो केबिन सोडत नाही. केबिन म्हणजे केंद्रक. मालक चिठ्ठी लिहितो, ती घेऊन दिवाणजी बाहेर येतो, तो आरएनए. चिठ्ठी वाचून मशीन माल काढतं, ते रायबोसोम.

एका वर्षी वर्गात खरोखरच्याच जिनिंगवाल्याची पोरगी होती. नाव तृप्ती. तिने हात वर केला. "मॅडम, पण आमचे बाबा केबिनमध्ये बसतच नाहीत. यार्डात खुर्ची टाकून सगळ्यांमध्येच बसतात."

मॅडमना क्षणही लागला नाही. "केंद्रक नाही, डीएनए उघड्यावर? मग तुझे बाबा बॅक्टेरिया!"

ती व्याख्या त्या वर्गातलं एकही पोरगं जन्मात विसरणार नाही. पालकसभेला तृप्तीचे बाबा आले. भला मोठा माणूस, पांढरे कपडे. मॅडमसमोर उभे राहिले. मी म्हटलं, आता झालं काहीतरी.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरगी घरात मले बॅक्टेरिया म्हन्ते. मी रागावलो, तं म्हने, बाबा, ते फार जुने अन् फार चिवट असतेत. मंग मी म्हटलं, असन तं असन!"

* * *

जीभ गोल करण्याचा प्रयोग तुम्हीही शाळेत केला असेल. काहींना जिभेची पन्हाळी करता येते, काहींना येत नाही. जुन्या पुस्तकांत त्याला एका जनुकाचा खेळ म्हटलेलं असायचं. मॅडम नुकत्याच रुजू झाल्या होत्या; त्यांच्या आधीच्या सरांनी जाता जाता तोच शिकवून ठेवला होता आणि पोरांना सांगितलं होतं, घरी जाऊन आईवडिलांची जीभ पाहा.

केळझरचा पंकज घरी गेला. त्याची जीभ वळायची. बापाची नाही. आईची पण नाही. पुस्तकानुसार हे होऊच शकत नव्हतं! पोरगं दोन घास न खाता झोपलं आणि सकाळी बापाला विचारून बसलं, "बाबा, मी तुमचाच आहो काय?" पुढे त्या घरात काय झालं ते तुम्ही समजा.

चतुर्थीच्या दिवशी पंकजची आई थेट लॅबमध्ये. एका हातात गणपतीचा प्रसाद, दुसऱ्या हातात पंकजची कॉलर. "मॅडम, या येड्याले सांगा का मी त्याची माय आहो!"

मॅडमनी पंकजला बसवलं आणि समजावलं, की जिभेचं असं सरळ गणित नसतं, अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाची वळते, एकाची वळत नाही, आणि काहींना तर सरावानेही जमतं. पंकज आईच्या पाया पडला. प्रसाद सगळ्यांना वाटला. तो प्रयोग मॅडमनी त्या दिवसापासून बंद केला.

पुढल्या चतुर्थीला बाई पुन्हा हजर. मी घाबरलो. त्या सरळ मॅडमसमोर गेल्या, तोंड उघडलं आणि जीभ अशी सुरेख गोल केली, की आतून बासरी वाजावी!

"रोज भाकरी थापता थापता करो," त्या म्हणाल्या. "आता बोल म्हनाव त्याच्या बापाले!"

* * *

मग ती कमिटी. कॉलेज तपासायला बाहेरून मोठे लोक आले होते. प्राचार्यांनी आदल्या दिवशी मॅडमना बजावलं होतं, एकही माशी दिसता कामा नये. पण मॅडमच्या संकराचा प्रयोग ऐन भरात होता. त्यात लागतात कोवळ्या माद्या, नराला अजून न भेटलेल्या. कोशातून बाहेर पडल्या पडल्या त्या वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर पिल्लं कुणाची ते कळत नाही. पोरं पहाटेपासून भिंग लावून बसली होती.

लॅबमध्ये कमिटीपुढे संत्री ठेवली होती. सगळ्यांत वयस्कर सर फोड उचलणार, एवढ्यात एका बाटलीचा कापूस निघाला आणि एक माशी नेमकी त्यांच्या बशीवर बसली. सरांनी फाईल उचलली.

"सर, मारू नका!" मॅडम ओरडल्या. "ती व्हर्जिन आहे!"

प्राचार्यांनी डोळे मिटले. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. कमिटीतल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. फाईल तशीच हवेत.

मग त्या वयस्कर सरांनी फाईल अगदी हळू खाली ठेवली आणि अदबीने विचारलं, "बरं. मग हिला ठेवायचं कुठे?"

"नरांपासून लांब!" मॅडम म्हणाल्या आणि बाटली घेऊन धावल्या. सरांनी उरलेला वेळ आमच्या कुठल्याच विभागाला दिला नाही. भिंगातून माश्यांचे डोळे पाहत बसले, लाल कोणते आणि पांढरे कोणते.

* * *

रोशनी मडावी याच लॅबमधली. हिंगणीकडच्या एका खेड्यातली, बोरच्या जंगलाला लागून गाव. वडील जंगलकामावर जातात, घरी आजही गोंडी बोलतात. रोशनी वर्गात तोंड उघडायची नाही. तोंड उघडायची ते पेपरात, आणि असं काही लिहायची की मॅडम मला भिंतीपलीकडून हाक मारून वाचून दाखवायच्या.

कॉलेजच्या शिबिरात तिची तपासणी झाली. एएस, मॅडमसारखीच. त्याच वर्षी शेवटच्या तासाला मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मागच्या बाकावरून एक हात अर्धा वर आला. कोपरापर्यंतच. रोशनीचा! मॅडमनी त्या दिवशी ठेच्याला हात लावला नाही.

पण वर्गात हात वर करणं वेगळं. सुटीत तिच्याकडे पाहुणे यायचं ठरलं. मुलगा समुद्रपूरकडचा, वायरमन. रोशनी लॅबमध्ये आली. "मॅडम, तुम्हीच विचारा नं."

"मी येईन. पण बोलणार नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रश्न तुझा आहे."

मग तालीम झाली. नवरा मुलगा कोण? मी! टक्कल पडलेला, घरात जावई आलेला मी, स्टुलावर नवरदेव म्हणून बसलो. हातात बीकरमध्ये चहा. रोशनी समोर आली, ओठ हलले, आवाज नाही.

"मला ऐकू आलं नाही हो," मी नवरदेवाच्या आवाजात म्हणालो. पोरगी हसता हसता रडायला लागली. "सर, ते उठून गेले तं? पुन्हा कोन येईन आमच्या घरी?"

मॅडमनी तिला पुन्हा दारापासून यायला लावलं.

* * *

पाहुणे आले त्या दिवशी मॅडम आणि मी रोशनीच्या घरी सतरंजीच्या कडेला बसलो होतो. मुलगा चांगला वाटला. सारखा रोशनीकडे बघायचा आणि कुणी पाहिलं की पोह्यांकडे बघायचा. रोशनीच्या चेहऱ्यावरूनही कळत होतं, की तिला हा नकोसा नाही. सगळं छान चाललं होतं. हाच तर घोटाळा होता!

मुलाचे काका म्हणाले, "पोरी, तुले काई विचारायचं असन तं विचार." हे म्हणायचं असतं म्हणून म्हणतात. पोरीने मान हलवायची असते.

रोशनीने मान हलवली नाही. "तुमची सिकलची तपासणी झाली काय?"

मुलाच्या हातातला चमचा थांबला. "नाई."

"करून घ्या. माही झाली. मी एएस आहो."

"म्हंजे पोरगी बिमार हाय काय?" काका कडाडले. रोशनीचे वडील भिंतीला टेकले. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पदरात घट्ट धरून ठेवले होते.

रोशनीने पानाचं तबक पुढे ओढलं. एका वाटीत एक सुपारी, एक लवंग. दुसऱ्या वाटीत एक सुपारी, एक लवंग. "सुपारी म्हंजे सिकल. लवंग म्हंजे चांगलं. माह्याजवळ एक एक आहे, म्हून मी बिमार नाई. ह्याईच्याजवळ दोन्ही लवंगाच निघाल्या तं काईच भेव नाई. पन ह्याईचंबी माह्यासारखंच निघालं तं लेकराचं काय होईन, ते पाहा. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक काढा. दोन्ही सुपाऱ्या आल्या तं लेकरू बिमार."

मुलाची आई पुढे सरकली. तिने डोळे मिटले आणि काढलं. सुपारी, लवंग. पुन्हा काढलं. सुपारी आणि सुपारी. बाई हातातल्या त्या दोन सुपाऱ्यांकडे बघत राहिली.

"पह्यलं लेकरू असं झालं, तं मंग बाकीचे चांगले होत असन नं?"

"नाई माय," रोशनी म्हणाली. "मागचं काय निघालं ते वाटीले माहीत नसते. दरवेळी नव्यानंच काढा लागते."

बाईने पुन्हा काढलं. पुन्हा दोन सुपाऱ्या. तिने त्या तबकात ठेवल्या, पदर सारखा केला आणि उठली. "चला," ती घरच्यांना म्हणाली. चहा तसाच राहिला.

पुढे कळलं ते असं. मुलाने तपासणी करून घेतली आणि त्याचाही पॅटर्न एएस निघाला. लग्नाची बोलणी मोडली. गावात रोशनीचं नाव पडलं, 'विचारणारी पोरगी'. दोन स्थळं दारापर्यंत येऊन परत फिरली. वडील मॅडमशी बोलेनात.

मॅडम स्टाफरूममध्ये पंखा न लावता बसल्या होत्या. म्हणाल्या, "सर, मी तिचं नुकसान तर नाही ना केलं?" मी डबा पुढे सरकवला.

* * *

पावसाळा सरला, प्रॅक्टिकलं सुरू झाली. केळ्याचा डीएनए काढायचा दिवस. रोशनीने स्पिरिट सोडलं होतं आणि काचेच्या कांडीवर तो पांढरा धागा गुंडाळत होती. ते फार हलक्या हाताचं काम. जरा घाई केली की तुटतो.

दारात एक बाई येऊन उभी राहिली. मी ओळखलं. त्या मुलाची आई! बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. काही वाईटसाईट बोलायला आली असेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं. रोशनीच्या हातातली कांडी तिथेच थांबली.

बाई चपला दाराशी काढून आत आली. मॅडमकडे पाहिलंच नाही, सरळ रोशनीसमोर.

"पोरी, आमी आर्वीकडे पोरगी पाहाले चाललो," ती म्हणाली. "पोरगं म्हन्ते, विचारल्याबिगर लग्न करत नाई. पन त्याच्या तोंडातून निघत नाई. माह्या तोंडातून निघत नाई. काका तं गाडीतच पानी पिऊन राह्यले. तू चाल आमच्यासंगं. सुपाऱ्या मी घेतल्या."

तिने पदराची गाठ दाखवली. माझ्या बाजूला उभी असलेली पोरं, भिंगावरची, केळ्यावरची, सगळी बघत होती.

रोशनीने कांडीकडे पाहिलं. धागा अर्धाच गुंडाळून झाला होता. मग तिने मॅडमकडे पाहिलं.

मॅडम पुढे आल्या. तिच्या हातातून कांडी अलगद, धागा न तोडता, आपल्या हातात घेतली.

"तू जा," त्या म्हणाल्या. "डीएनए मी धरून ठेवते."